साठ शब्दांची पाटी

पाट्या रंगवणं हा माझा धंदा.
सीताबर्डीत फ्लेक्सवाले आले तेव्हा अर्धा गेला,
उरलेला सरकारी खात्यांवर चालतो.
या मे महिन्यात फुटाळ्याच्या मागच्या मैदानात काम मिळालं:
जगातल्या आदिवासींची घरं. पाच घरं, पाच पाट्या,
पाटीला साठ शब्द, एकही जास्त नाही.

चौथं घर अमेरिकेतलं, नवाहो लोकांचं. होगन म्हणतात.
फोटो बघून बांधायचं होतं.
तिकडे जुनिपरची खोडं, इथे निलगिरीची आली,
आठ बाजूंनी एकावर एक, टोपलीचं तोंड मिटत जावं
तशी वर आत आत सरकलेली,
मधोमध धुरासाठी भोक,
आणि सगळ्यावर मातीचा जाड थर.

माती तुडवायला देवलापारकडची सोनकाबाई धुर्वे,
सोबत नातू, दहावीत दोनदा राहिलेला, कानात इयरफोन.
पंचेचाळीस डिग्री.
ओलं गोणपाट डोक्यावर,
मुरमात गव्हांडा, गव्हांड्यात पाय.

पोहनकर साहेब नकाशा घेऊन आले:
दार पश्चिमेला ठेवा, पब्लिक पार्किंगकडून येणार.
बाईनं चिखलाच्या बोटांनी फोटो कडेला धरला.
"सावली पाहा ना साहेब. हे दार उगवतीलेच हाय."
साहेब म्हणाले, ते तिकडे.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला माहितीचा कागद वाचून दाखवला.
पहिला उजेड न विचारता आत यावा म्हणून दार पूर्वेला.
आत गेलं की डावीकडून, सूर्य फिरतो तसं फिरायचं.
बाया उत्तरेला, पुरुष दक्षिणेला, विस्तव मधे,
भिंतीशी माग, मागावर मेंढीची लोकर.
ती भाकरीवरचा कांदा फोडत ऐकत होती, हाव, हाव करत,
चुलतबहिणीच्या सासरची खुशाली ऐकावी तशी.

घरात कोणी मेलं, मी वाचलं,
तर उत्तरेची भिंत फोडून त्याला बाहेर काढतात
आणि घर सोडून देतात. मग तिथे कोणी राहत नाही.

तिचा घास थांबला.
"सोडून देतेत?
माही सून गेली पांढराबोडीत, दहा बाय दहाच्या खोलीत.
तिथंच मंग सैपाक केला. तिथंच निजलो.
घर सोडाले दुसरं घर लागते, भाऊ."

मी काही बोललो नाही.
मनीषनगरात माझा चौथा मजला, दार लिफ्टसमोर.
आई गेली तेव्हा ती लिफ्टमध्ये मावेना,
जिन्यानं उतरवली, प्रत्येक वळणावर तिरपी करत.
भिंत फोडायची म्हटली असती
तर ती शेजारच्या मेश्रामांची निघाली असती.

पाटीतलं मरणाचं वाक्य साहेबांनी खोडलं.
फॅमिली येतात, म्हणाले.
विस्तवही नको म्हणाले अग्निशमनवाले,
तेव्हा तीन दगडांत लाल बल्ब, वर जिलेटिनचा कागद.
दार पश्चिमेला झालं.
आणि पाटीवर माझ्याच अक्षरात: दार नेहमी पूर्वेला असते.
कोणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटच्या दिवशी पूर्वेच्या भिंतीत, जमिनीलगत,
वीतभर भोक दिसलं. कडा बोटानं गुळगुळीत केलेल्या.
साहेबांनी विचारलं, हे काय?
"वाऱ्यासाठी," सोनकाबाई म्हणाली.
नातू हसला. साहेबांना उशीर होत होता.

उद्घाटनाच्या दिवशी पहाटे मी व्हार्निशचा हात मारायला गेलो.
फुटाळ्यावर बगळे, चहाची टपरी अजून बंद.
आत नातू झोपलेला, राखणीला ठेवलेला,
दक्षिणेच्या अंगाला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

भोकातून उजेड आला, वीतभरच,
जमिनीवरून सरपटत दगडांपर्यंत गेला,
बल्ब विझलेलाच होता.
मग पोराच्या पायांवर चढला.
त्यानं झोपेतच पाय ओढून घेतले
आणि कूस बदलली, डावीकडून.